अमेरिकेतील रेसिडेन्सी : जिथे जागेला भाव नाही

व्यापारी घराण्यात कोणत्याही निर्णयाआधी पहिला प्रश्न भावाचा असतो. दुकानाची जागा असो, गोदाम असो की मुलीचा वैद्यकीय प्रवेश असो, ‘लागणार किती?’ हे विचारल्याशिवाय बोलणे पुढे सरकत नाही. यात गैर काही नाही. खासगी वैद्यकीय महाविद्यालयांनी आणि अभिमत विद्यापीठांनीच पालकांना ही सवय लावली आहे. रेडिओलॉजीची जागा, त्वचारोगाची जागा, व्यवस्थापन कोटा, अनिवासी भारतीयांचा कोटा, या साऱ्यांचे दर तोंडपाठ असणारी माणसे प्रत्येक बाजारपेठेच्या गावात सापडतात. म्हणूनच एम.बी.बी.एस. झालेला मुलगा किंवा मुलगी ‘पुढचे शिक्षण अमेरिकेत घ्यायचे आहे’ असे म्हणते, तेव्हा वडील, काका आणि आजोबा वहीच्या कोपऱ्यात एक आकडा मांडायला बसतात.

तो आकडा मांडता येत नाही, कारण तेथे जागा विकलीच जात नाही. अमेरिकेतील पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण म्हणजे रेसिडेन्सी. ती फी भरून मिळवायची पदवी नाही. पगार घेऊन करायची प्रशिक्षणार्थी डॉक्टरची नोकरी आहे. पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटला वर्षाला साधारण साठ ते सत्तर हजार डॉलर वेतन मिळते. या प्रशिक्षणाचा मोठा खर्च तेथील केंद्र सरकार मेडिकेअर या वृद्धांच्या आरोग्य विमा योजनेतून रुग्णालयांना देते, आणि अशा साहाय्यित जागांवर १९९७ च्या कायद्याने मर्यादा घातली आहे. जागा मोजक्या, पैसा सरकारचा आणि निवड रुग्णालयाची. या व्यवहारात देणगीला शिरण्याची फटच नाही.

मग कुटुंबाचे काय लागते? परीक्षांचे शुल्क, अर्जांचा खर्च, एक-दोन प्रवास, आणि मुख्यतः दोन ते तीन वर्षे, ज्या काळात पंचविशीतला डॉक्टर कमावत नाही. भावाच्या प्रश्नाला वाहिलेल्या घरात या वर्षांचा हिशेब बहुधा कोणी करत नाही, आणि फसगत होते ती तेथेच.

आपल्या मातीतून अमेरिकेला वैद्यक शिकायला जाण्याची परंपरा तशी जुनी. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली फिलाडेल्फियातील विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया येथून एम.डी. पदवी घेतली. योगायोग असा की, परदेशी पदवीधर डॉक्टरांची कागदपत्रे तपासून त्यांना रेसिडेन्सीसाठी पात्र ठरवणारी संस्थाही आज त्याच शहरात आहे. १९५६ साली स्थापन झालेली ही संस्था ईसीएफएमजी या आद्याक्षरांनी ओळखली जाते. आता ती इंटेल्थ या मोठ्या संस्थेचा भाग आहे. तिच्या प्रमाणपत्रावाचून भारतीय पदवीधराला अमेरिकेत रेसिडेन्सीचा पहिला दिवस उजाडत नाही. प्रमाणपत्रासाठी तीन गोष्टी लागतात : पदवीची थेट महाविद्यालयाकडून झालेली पडताळणी, यूएसएमएलई परीक्षेचे पहिले दोन टप्पे, आणि इंग्रजी संभाषणाची ओईटी ही परीक्षा. पदवी देणारे महाविद्यालय जागतिक वैद्यकीय विद्यालय सूचीत असले पाहिजे, आणि आता त्याला मान्यता देणाऱ्या यंत्रणेचीही विचारपूस होते. आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला २०२३ साली वर्ल्ड फेडरेशन फॉर मेडिकल एज्युकेशनची दहा वर्षांची मान्यता मिळाल्यामुळे भारतात शिकलेल्यांची ती चिंता तूर्त मिटली आहे. जॉर्जिया, रशिया, किर्गिझस्तान येथे एम.बी.बी.एस.ला मुले पाठवलेल्या कुटुंबांनी मात्र आपल्या महाविद्यालयाची नोंद स्वतः पाहावी, एजंटाच्या तोंडी उत्तरावर थांबू नये. या मुलांसाठी आणखी एक सूचना. अमेरिकेला जायचेच आहे म्हणून भारतातील एफएमजीई ही पात्रता परीक्षा टाळण्याचा मोह होतो. ती न देता अमेरिकेचा प्रयत्न फसला, तर असा डॉक्टर दोन्हीकडचा उरत नाही.

यूएसएमएलईचे एकूण टप्पे तीन. पहिला टप्पा मूलभूत शास्त्रांचा, दुसरा रुग्णचिकित्सेच्या ज्ञानाचा. हे दोन्ही मुंबईसह भारतातील काही शहरांत संगणकावर देता येतात; पहिला आठ तासांचा, दुसरा नऊ तासांचा. प्रत्येकाचे शुल्क हजार डॉलरच्या आसपास पडते. तिसरा टप्पा अमेरिकेतच जाऊन द्यावा लागतो आणि त्याचा संबंध पुढे व्हिसाशी येतो. २६ जानेवारी २०२२ पासून पहिल्या टप्प्याचे गुण देणे बंद झाले. केवळ उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण एवढाच निकाल मिळतो. त्यापूर्वी त्या गुणांवर आयुष्य ठरत असे. आता तो सारा भार दुसऱ्या टप्प्याच्या गुणांवर सरकला आहे.

या परीक्षांचा स्वभाव आपल्या परीक्षांपेक्षा वेगळा आहे, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी तो नीट समजून घेतला पाहिजे. नीट-पीजी यंदा बिघडली तर पुढच्या वर्षी पुन्हा देता येते आणि जुने गुण कोणी विचारत नाही. यूएसएमएलईमध्ये एकदा उत्तीर्ण झालेला टप्पा केवळ गुण वाढवण्यासाठी पुन्हा देता येत नाही. अनुत्तीर्ण झाल्यास पुन्हा देता येतो, पण प्रत्येक टप्प्याला जास्तीत जास्त चार प्रयत्न, आणि झालेले अपयश उतारपत्रावर कायमचे राहते. दोन्ही टप्पे सात वर्षांच्या आत पार पाडावे लागतात. ‘अजून किती अभ्यास? देऊन टाक एकदाची,’ हा घरचा आग्रह म्हणूनच घातक ठरतो. सराव चाचण्यांचे गुण स्थिर होईपर्यंत तारीख दोन महिने पुढे ढकलली, तर नुकसान दोन महिन्यांचे होते. घाईत दिलेल्या परीक्षेचे नुकसान पुढे कधीच भरून निघत नाही.

अभ्यासाच्या जोडीला आणखी एक बाजार भरतो, तो ‘आलेल्या प्रश्नां’चा. परीक्षा दिलेल्यांकडून प्रश्न गोळा करून विकणारे गट सर्वत्र आहेत. २०२४ च्या जानेवारीत नेपाळशी संबंधित अनेक परीक्षार्थींचे निकाल याच संशयावरून रद्द करण्यात आले. त्यांत अमेरिकेत प्रत्यक्ष काम करणारे डॉक्टरही होते. अनियमित वर्तनाचा ठपका एकदा बसला की तो त्या डॉक्टरच्या नोंदीवर राहतो आणि रुग्णालयांना दिसतो. पैसे देऊन शोधनिबंधावर नाव लावून घेणे हाही त्याच जातीचा धंदा. मुलाखतीत त्या निबंधावर दोन प्रश्न विचारले की पितळ उघडे पडते.

आता वर्षांचा हिशेब. अमेरिकेतील अनेक रुग्णालये अर्ज चाळताना पदवीचे वर्ष पाहतात. पदवीला पाच वर्षे, कित्येक ठिकाणी तीनच वर्षे उलटली असतील, तर अर्ज उघडलाही जात नाही. आपल्याकडे प्रथा अशी की इंटर्नशिप संपली की आधी दोन वर्षे नीट-पीजीला द्यायची, मनासारखी शाखा मिळाली नाही तर अमेरिकेचा विचार करायचा. तोवर पदवी जुनी झालेली असते. शासकीय महाविद्यालयातून शिकलेल्यांना महाराष्ट्रात बंधपत्राचे एक वर्षही देणे असते. म्हणून हा निर्णय एम.बी.बी.एस.च्या तिसऱ्या वर्षाच्या सुमारास, फार तर इंटर्नशिप सुरू होताना व्हावा. पहिला टप्पा विद्यार्थीदशेतच देता येतो, आणि पॅथॉलॉजी व फार्माकॉलॉजी ताजी असताना तो द्यावा. भारतात एम.डी. करून मग जाणाऱ्यांनी हे गृहीत धरावे की तेथे साधारणपणे रेसिडेन्सी पहिल्यापासून करावी लागते. टेनेसी राज्याने २०२३ साली कायदा करून परदेशात प्रशिक्षित डॉक्टरांना वेगळी वाट करून दिली, इतरही काही राज्ये त्या मार्गाने निघाली आहेत; पण त्या वाटेवर आयुष्य बेतावे इतकी ती अजून रुळलेली नाही.

विद्यार्थीदशेत निर्णय घेण्याचा दुसराही लाभ आहे. रुग्णालये अर्जासोबत अमेरिकी डॉक्टरांची शिफारसपत्रे पाहू इच्छितात. ती मिळवायची तर तेथे काही आठवडे काम केलेले असले पाहिजे. पदवी मिळण्यापूर्वी विद्यार्थी म्हणून गेल्यास ‘इलेक्टिव्ह’ करता येते, म्हणजे रुग्णाला हात लावता येतो, इतिहास घेता येतो. पदवीनंतर गेल्यास बहुतेक ठिकाणी केवळ ‘ऑब्झर्वरशिप’ मिळते, म्हणजे हात बांधून मागे उभे राहणे. याच ठिकाणी मध्यस्थ कंपन्या येतात. महिन्याला हजारो डॉलर घेऊन त्या जागा जुळवून देतात. सगळ्याच लबाड आहेत असे नाही. परंतु त्यांच्याकडे पैसे भरण्यापूर्वी दोन गोष्टी लेखी विचाराव्यात. काम रेसिडेन्सी असलेल्या रुग्णालयात आहे की एखाद्या डॉक्टरच्या खासगी दवाखान्यात, आणि शिफारसपत्र कोणाच्या नावाने, कोणत्या कागदावर मिळेल. ‘मॅच नक्की करून देऊ’ असे जो म्हणेल, त्याच्या दारातून तसेच परत फिरावे. तशी हमी अमेरिकेत कोणालाही देता येत नाही, आणि का देता येत नाही हे मॅचची रीत समजली की लक्षात येते.

सप्टेंबरमध्ये अर्ज जातात. पहिल्या तीस अर्जांनंतर प्रत्येक अर्जाचा दर जवळजवळ तिप्पट होतो, त्यामुळे दोनशे ठिकाणी अर्ज टाकणे हे शौर्य नसून पुष्कळदा उधळपट्टी असते. परदेशी पदवीधर घेणारी, व्हिसा देणारी आणि पदवीच्या वर्षाची अट शिथिल असलेली रुग्णालये निवडून अर्ज करावेत. ऑक्टोबर ते जानेवारी मुलाखती होतात. २०२० च्या साथीपासून त्या बहुतांशी संगणकावरच होतात, म्हणजे विमानाचा खर्च वाचला. मुलाखती संपल्या की उमेदवार आपल्या पसंतीने रुग्णालयांची क्रमवारी लावतो आणि रुग्णालये उमेदवारांची. या दोन याद्या एनआरएमपी या संस्थेच्या संगणकात जातात. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यातील सोमवारी जागा मिळाली की नाही एवढेच कळते. कुठे मिळाली ते शुक्रवारी. १ जुलैच्या सुमारास काम सुरू होते.

ही पद्धत १९५२ पासून चालत आली आहे. आजची गणिती रीत ॲल्विन रॉथ आणि इलियट पेरान्सन यांनी नव्याने बांधली आणि १९९८ पासून ती वापरात आहे. अशा जुळणीच्या बाजारांवरील अभ्यासासाठी रॉथ यांना लॉइड शॅप्ली यांच्यासह २०१२ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. व्यापाऱ्याच्या दृष्टीने ही रीत मोठी रंजक आहे. समजा, एका उमेदवाराने पहिली पसंती शिकागोच्या रुग्णालयाला, दुसरी डेट्रॉइटला आणि तिसरी एका लहान गावाला दिली. संगणक आधी शिकागोचे दार वाजवतो. शिकागोच्या यादीत तिचे नाव असेल व जागा रिकामी असेल तर ती तेथे तात्पुरती बसवली जाते. पुढे शिकागोला तिच्याहून अधिक हवा असलेला दुसरा उमेदवार आला आणि जागा भरल्या असतील तर ती उठते, आणि संगणक डेट्रॉइटचे दार वाजवतो. महत्त्वाची गोष्ट अशी की डेट्रॉइट त्या वेळी ‘तुम्ही आम्हाला दुसरे स्थान दिले’ म्हणून रुसत नाही. डेट्रॉइटला ती त्यांच्या यादीतील इतरांपेक्षा वरची असेल, तर आधी बसलेल्याला उठवून तिला जागा मिळते.

म्हणजेच आवडते रुग्णालय पहिले लिहिण्यात गमावण्यासारखे काहीही नाही. आपल्या घरांतील अनुभवी मंडळी येथे नेमका उलटा सल्ला देतात. बाजाराची शिकवण अशी की हातचे सोडून पळत्याच्या मागे लागू नये. जेथे होकाराची खात्री आहे तो सौदा आधी पक्का करावा. त्या हिशेबाने मुलगी लहान गावाचे रुग्णालय वर लिहिते, आणि शिकागोने तिला घ्यायचे ठरवले असतानाही लहान गावी जाते. यादी मनातल्या खऱ्या पसंतीप्रमाणेच लावावी. दुसरे असे की ही जुळणी करारासारखी बंधनकारक आहे. जेथे जायचे नाही ते नाव यादीत घालू नये. मिळालेली जागा नाकारल्यास पुढील वर्षांत मॅचमध्ये भाग घेण्यावरच बंदी येऊ शकते. पती-पत्नी दोघेही डॉक्टर असतील तर आपल्या याद्या जोडून एकाच शहरात जागा मागण्याची सोय आहे. वाङ्निश्चय झालेल्यांनाही ती वापरता येते.

आता यशाचे प्रमाण. अमेरिकी नागरिक नसलेल्या परदेशी पदवीधरांपैकी २०२४ च्या मॅचमध्ये ५८.५ टक्के जणांना पहिल्या वर्षाची जागा मिळाली, अमेरिकेतच एम.डी. करणाऱ्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांत हे प्रमाण सुमारे ९३ टक्के होते. ५८ चा आकडा मध्यस्थ मोठ्या अक्षरांत छापतात, मात्र त्याचा छेद सांगत नाहीत. तो आकडा ज्यांनी शेवटी पसंतीची यादी दाखल केली त्यांचाच आहे. एकही मुलाखत न आलेला उमेदवार सहसा यादीच दाखल करत नाही, म्हणून तो या गणतीत येत नाही. परीक्षेच्या वाटेवर थांबलेले तर नाहीतच. घरातून निघालेल्या शंभरांपैकी पोहोचणारे ५८ असे मानून चालू नये.

शाखेनुसारही दारांची रुंदी वेगळी. इंटर्नल मेडिसिन, फॅमिली मेडिसिन, बालरोग, पॅथॉलॉजी येथे परदेशी पदवीधर मोठ्या संख्येने शिरतात. अस्थिरोग शल्यक्रिया, त्वचारोग, प्लास्टिक सर्जरी, न्यूरोसर्जरी ही दारे जवळजवळ बंद समजावीत. ज्या वडिलांनी गावात दोन मजली इमारत बांधून वरच्या मजल्यावर अस्थिरोग रुग्णालय मनात धरले आहे, त्यांनी मुलाला अमेरिकेत मेडिसिन शिकायला पाठवण्यापूर्वी त्या इमारतीविषयी त्याच्याशी मोकळेपणाने बोलून घ्यावे. इंटर्नल मेडिसिन तीन वर्षांचे, त्यावर हृदयरोगाची फेलोशिप आणखी तीन वर्षांची. जनरल सर्जरी पाच वर्षांची.

पहिल्या मॅचमध्ये जागा न मिळाल्यास त्याच आठवड्यात उरलेल्या जागांची एक धावपळीची फेरी असते, पण परदेशी पदवीधरांच्या पदरात तेथे फारसे पडत नाही. दुसऱ्या वर्षी पुन्हा प्रयत्न करावा. मधल्या काळात भारतात रुग्णालयात काम करीत राहावे, रिकामे बसू नये, कारण रिकाम्या वर्षाचे उत्तर मुलाखतीत द्यावे लागते. तिसऱ्या वेळी मात्र संधी वेगाने आटतात. किती फेऱ्या करायच्या हे घरात आधीच ठरलेले असले, तर मुलावर अपराधाचे ओझे येत नाही आणि धाकट्या भावंडांचे मार्गही अडत नाहीत.

जागा मिळाल्यावर पेढे वाटले जातात आणि त्या आनंदात सर्वांत मोठा कागद न वाचता सही होते. तो कागद व्हिसाचा. बहुतेक परदेशी रेसिडेंट जे-१ या व्हिसावर जातात. त्यासाठी नवी दिल्लीतील केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडून एक पत्र लागते. त्यात म्हटलेले असते की या शाखेच्या तज्ज्ञांची भारताला गरज आहे आणि हा डॉक्टर प्रशिक्षणानंतर परत येण्याचे आश्वासन देत आहे. हे पत्र मिळायला वेळ लागतो, म्हणून मॅचचा निकाल लागताच त्याच आठवड्यात त्या कामाला लागावे. फेलोशिपसाठी शाखा बदलली की नव्या शाखेचे नवे पत्र लागते. प्रशिक्षण संपल्यावर जे-१ धारकाने एकूण दोन वर्षे मायदेशी राहिले पाहिजे. तोवर त्याला एच-१बी किंवा ग्रीन कार्ड मिळू शकत नाही.

या अटीतून सुटण्याचा रुळलेला मार्ग म्हणजे कॉनरॅड-३० योजना. १९९४ पासून ती चालत आली असून अमेरिकी काँग्रेस तिची मुदत वेळोवेळी वाढवत आली आहे. डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षे पूर्णवेळ सेवा केल्यास दोन वर्षांची अट माफ होते. प्रत्येक राज्याला वर्षाला अशा तीस जागा. हा भाग पुष्कळदा लहान गावाचा असतो, जेथे देरासर तीन तासांच्या अंतरावर असते आणि शाकाहारी जेवण म्हणजे सॅलड. दुसरा पर्याय एच-१बी व्हिसाचा. त्यावर परतीची अट नाही, पण त्यासाठी यूएसएमएलईचा तिसरा टप्पा आधीच उत्तीर्ण असावा लागतो, आणि पुष्कळ रुग्णालये तो व्हिसा देतच नाहीत. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचा भार टाकणारी घोषणा झाल्यापासून ही वाट आणखी अरुंद झाली. ग्रीन कार्डाची भारतीयांची रांग तर दशकापेक्षा लांब आहे. त्याच वर्षीच्या मे-जूनमध्ये जे-१च्या नव्या मुलाखतींच्या वेळा काही आठवडे देणेच थांबले होते. १ जुलैला रुजू व्हायचे असलेल्या डॉक्टरांचे ते दिवस कसे गेले असतील याची कल्पना करावी. तिकिटे काढण्याची घाई करू नये.

व्हिसाचा प्रश्न लग्नाच्या बैठकीतही आला पाहिजे, आणि तो सहसा येत नाही. ‘मुलगी अमेरिकेत डॉक्टर आहे’ एवढ्यावर स्थळ पसंत होते. जे-१ धारकाच्या जोडीदाराला जे-२ व्हिसा मिळतो. त्यावर कामाची परवानगी मागता येते, ही त्याची जमेची बाजू. पण दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट जोडीदारालाही लागू होते. एच-१बी धारकाच्या जोडीदाराला मिळणाऱ्या एच-४ वर ग्रीन कार्डाची प्रक्रिया बरीच पुढे जाईपर्यंत सामान्यतः काम करता येत नाही. घरची पेढी सोडून पत्नीमागे जाणाऱ्या जावयाला, किंवा स्वतःची सनदी लेखापालाची प्रॅक्टिस सोडून जाणाऱ्या सुनेला हे साखरपुड्याआधी माहीत असणे हा तिचा-त्याचा हक्क आहे.

कामाच्या वेळांबद्दल थोडे. आठवड्याला ऐंशी तासांची मर्यादा २००३ पासून आहे, आणि ती चार आठवड्यांच्या सरासरीने मोजतात. सलग ड्यूटी चोवीस तासांची, त्यावर रुग्ण सोपवण्यासाठी चार तासांपर्यंत. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नियम पाळणाऱ्यांना अशा रात्री कठीण जातात. प्रत्येक जण आपापली मर्यादा तेथे ठरवून घेतो, आणि दूरध्वनीवरून रोज चौकशी करणाऱ्या आजीने त्यात थोडी सवलत द्यावी. पर्युषण पहिल्याच दोन-तीन महिन्यांत येते, वेळापत्रक मात्र जुलैपूर्वीच तयार होते. संवत्सरीची एक सुट्टी हवी असेल तर ती रुजू होण्यापूर्वीच, मे महिन्यात, मुख्य रेसिडेंटकडे तारखेसह मागावी. कारण सांगितले की बहुधा ती मिळते. मोठ्या शहरांत जैन केंद्रे आहेत. उत्तर अमेरिकेतील त्यांचा महासंघ जैना १९८१ पासून काम करतो.

अमेरिका सोडून इतर वाटाही कुटुंबांसमोर येतात. ब्रिटनला जाण्यासाठी प्लॅब ही परीक्षा. तिचा दुसरा भाग फक्त मँचेस्टरमध्ये होतो. परीक्षा सोपी म्हणून गर्दी इतकी वाढली की २०२५ मध्ये तज्ज्ञ प्रशिक्षणाच्या सुमारे दहा हजार जागांसाठी तीस हजारांवर डॉक्टरांनी अर्ज केले, आणि त्याच जुलैत तेथील सरकारने ब्रिटनमध्ये शिकलेल्यांना प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. प्लॅब उत्तीर्ण होऊन बेकार बसलेले भारतीय डॉक्टर तेथे आहेत. या घडीला ब्रिटनचा विचार अगदी जपून करावा. जर्मनीत मॅच नाही. जर्मन भाषा बी-२ पातळीपर्यंत शिकून, त्यावर वैद्यकीय भाषेची परीक्षा देऊन, परवाना मिळवून थेट रुग्णालयाच्या विभागप्रमुखाकडे अर्ज करायचा असतो. तेथेही प्रशिक्षण पगारी असते, पाच-सहा वर्षांचे. भाषेची दोन वर्षे मनापासून देणाऱ्याला ती वाट आज अधिक उघडी आहे.

परतायचे असेल तर मात्र जर्मनीची अडचण आहे. २००८ च्या अधिसूचनेनुसार अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या पाच देशांतील पदव्युत्तर अर्हता, त्या त्या देशात त्या शाखेचा तज्ज्ञ म्हणून नोंद होण्यास पात्र असेल तर, भारतात ग्राह्य धरली जाते. जर्मनी त्या यादीत नाही. अमेरिकेतून बोर्डाचे प्रमाणपत्र घेऊन परतलेला डॉक्टर आपल्या वैद्यक परिषदेत ही वाढीव अर्हता नोंदवून येथे तज्ज्ञ म्हणून काम करू शकतो. त्यासाठी त्याची मूळ नोंदणी जिवंत असली पाहिजे. महाराष्ट्र वैद्यक परिषदेची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते, आणि जाताना दिलेला पत्ता पुष्कळदा वडिलांच्या दुकानाचा असतो. परिषदेकडून आलेले टपाल बिलांच्या फायलीत अडकू नये एवढे दुकानातील दिवाणजींना सांगून ठेवावे.